‘सर, पी व्हॅल्यू काढून द्या!’

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझे एक जुने पेशंट, वय 63, मधुमेह बारा वर्षांचा, दर तीन महिन्यांनी न चुकता येणारे. या वेळी सहा महिन्यांनी उगवले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे आपण एचबीएवनसी म्हणतो ती, 7.2 वरून थेट 10.6.

"काका, गोळ्या चालू आहेत ना?"

काकांनी उत्तराऐवजी मोबाइल पुढे केला. कुठल्याशा काढ्याची कृती, खाली ठळक अक्षरांत ‘विद्यापीठाच्या संशोधनाने सिद्ध’. काकांनी गोळ्या बंद करून चार महिने काढा घेतला होता.

"हे कुणा बाबाबुवाचं नाही डॉक्टर. विद्यापीठाचं संशोधन आहे."

"किती माणसांवर केलं? आणि ज्यांना काढा दिला नाही त्यांच्या साखरेचं काय झालं?"

काकांनी मोबाइल परत घेतला, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "ते कशाला लिहितील?"

मी काकांवर रागावलो नाही. मी रागावलोय तो माझ्याच लोकांवर, म्हणजे संशोधन करणाऱ्या डॉक्टरांवर आणि ते करवून घेणाऱ्या कॉलेजांवर. ‘ते कशाला लिहितील’ ही सवय काकांना आम्हीच लावली आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. माणसाची साखर वर-खाली होत असते. ती खूप वर गेलेली असते तेव्हाच तो डॉक्टरकडे येतो, आणि तेव्हाच त्याला अशा प्रयोगात घेतलं जातं. पुढच्या वेळी ती थोडी खाली येणारच, काढा द्या नाहीतर साधं पाणी द्या. शिवाय प्रयोगात नाव घातलं की माणूस चार दिवस गोड सोडतो, सकाळी फिरायला जातो. म्हणून ‘आधी एवढी होती, नंतर एवढी झाली’ हा पुरावाच नव्हे. त्याच वेळी, तशाच माणसांचा, काढा न घेणारा दुसरा गट हवा. हे सांगायला फार मोठं डोकं लागत नाही. पण ते प्रयोग सुरू होण्याआधी कुणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्याचं काम करणारा माणूस म्हणजे संख्याशास्त्रज्ञ. आपल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत त्याला बोलावतात ते प्रयोग संपल्यावर, आणि तेही फक्त शेवटचा आकडा काढून घ्यायला.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः तसं केलंय.

तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल, पण एमडी किंवा एमएस व्हायचं तर प्रत्येक डॉक्टरला एक थिसिस लिहावा लागतो. माझा नव्वदच्या दशकातला. विषय असा: न्यूमोनियाच्या रुग्णांना नेहमीच्या अँटिबायोटिकबरोबर एक जादा इंजेक्शन दिलं तर फायदा होतो का? चाळीस रुग्ण, वीस-वीसचे दोन गट. थिसिस जमा करायला पंधरा दिवस उरले तेव्हा मी कागदांचं भेंडोळं घेऊन आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या सरांकडे गेलो. अख्ख्या कॉलेजला ते एकटेच. पीएसएम विभागात, जिन्याखालची खोली, टेबलावर कॅल्क्युलेटर आणि भिंतीला आमच्यासारख्यांची रांग.

मी म्हणालो, "सर, पी व्हॅल्यू काढून द्या."

सरांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "डॉक्टर, गट कसे पाडले?"

खरं सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. ते इंजेक्शन तेव्हा हॉस्पिटलात मिळत नव्हतं. चिठ्ठी लिहून द्यायची, नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं. ज्यांना परवडलं ते एका गटात. ज्यांना परवडलं नाही ते दुसऱ्या गटात.

"म्हणजे तुम्ही इंजेक्शनची तुलना केलीच नाही. पैसा आणि गरिबी यांची केली." सर शांतपणे म्हणाले. ज्यांच्याकडे पैसे होते ते मुळात लवकर दवाखान्यात आले होते, घरी बरं खात होते, सोबत माणूस होतं. ते लवकर बरे झाले तर श्रेय कुणाचं?

दुसरा प्रश्न: "चाळीसच का?" उत्तर: गाईड सरांनी सांगितलं, आणि माझ्या सिनियरनेही चाळीसच घेतले होते.

तिसरा प्रश्न: "तुम्हाला नेमकं काय मोजायचं होतं?" मी तब्बल चौदा गोष्टी मोजल्या होत्या. ताप किती तासांनी उतरला, श्वासाचा वेग, पांढऱ्या पेशी, एक्स-रे, किती दिवस ॲडमिट, काय काय. त्या चौदांपैकी एकीत, ताप उतरण्याच्या वेळेत, पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली. मला आनंद झाला. सरांना झाला नाही.

पी व्हॅल्यू म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. औषधाचा काडीचाही उपयोग नसता, तरी निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, तो हा आकडा. 0.05 म्हणजे वीसात एक. वैद्यकात रूढी अशी की त्याच्या खाली आलं तर ‘सिग्निफिकंट’ म्हणायचं. पण एकाऐवजी चौदा गोष्टी तपासल्या, तर औषध पूर्ण निरुपयोगी असलं तरी त्यांतली निदान एक तरी योगायोगाने ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता 51 टक्के होते (या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं तर). नाणं उडवण्याएवढी. माझ्या थिसिसचा निष्कर्ष हा छापा-काट्याचा होता.

थिसिस पास झाला. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. कपाटात अजून आहे. त्या इंजेक्शनसाठी एका म्हातारीच्या मुलाने गावातल्या दुकानदाराकडून पैसे उचलले होते, हे मला आजही आठवतं. तिचा आकडा माझ्या तक्त्यात आहे. त्या आकड्याने कुणालाच काही शिकवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता कॉम्प्युटर आहेत. कॉम्प्युटर आले, त्याने फरक एवढाच पडला की जिन्याखालच्या सरांची रांग कमी झाली. आता बाहेर पैसे देऊन ‘थिसिसचं स्टॅटिस्टिक्स’ करून मिळतं. रेसिडेंट एक्सेलची फाइल पाठवतो, चार दिवसांत रंगीत आलेखांसकट प्रकरण तयार. सरांनी निदान प्रश्न तरी विचारले होते.

मी एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर बाहेरचा डॉक्टर म्हणून काही काळ बसलो. तुमच्या-माझ्यावर कुठलंही संशोधन करण्याआधी या कमिटीची परवानगी लागते. एका बैठकीत संमतीपत्राच्या मराठी भाषांतरातल्या चुकांवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. (चुका होत्याच, आणि त्या सुधारायलाच हव्यात.) मग मी विचारलं, "साठ रुग्णच का?" रेसिडेंट म्हणाला, "सर, दीड वर्षात तेवढेच मिळतील." दोन मिनिटांत विषय संपला, मंजुरी मिळाली. त्या टेबलाभोवती वकील होते, समाजसेवक होते, सामान्य नागरिकांच्या वतीने एक निवृत्त शिक्षिका होत्या. संख्याशास्त्रज्ञ नव्हता. तो असायलाच हवा असा नियमही नाही. 2019 च्या औषध चाचण्यांच्या नियमांत या कमिटीवर कायद्याचा जाणकार सांगितला आहे, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ, अगदी धर्मशास्त्राचा जाणकारही चालतो असं लिहिलं आहे. ज्याला ‘साठ पुरेत का’ हे सांगता येईल, त्याची सक्तीची खुर्ची नाही.

साठ पुरत नाहीत म्हणजे काय, ते बघा. समजा एखाद्या आजारात शंभरातले 10 रुग्ण दगावतात आणि नवं औषध ते प्रमाण 7 वर आणतं. हे थोडंथोडकं नव्हे. शंभरामागे तीन घरं वाचतात. पण हा फरक खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण साडेतेराशे रुग्ण लागतात. तीस-तीसच्या गटात काय होईल? एकीकडे 3 दगावतील, दुसरीकडे 2. एका माणसाच्या फरकावरून कोण काय सांगणार? मग थिसिसमध्ये लिहिलं जातं, ‘फरक आढळला नाही’. वाचणारा समजतो, औषध निरुपयोगी. म्हणजे अपुऱ्या संशोधनाने फक्त भलतं औषध डोक्यावर चढवलं जात नाही, चांगलं औषध कचऱ्यातही जातं.

मग हजारो रुग्ण आणायचे कुठून? याचंच उत्तर संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीला असता तर मिळालं असतं. 45 रेसिडेंटांनी साठ-साठ रुग्णांचे 45 वेगवेगळे थिसिस करण्याऐवजी एकच प्रश्न, एकाच पद्धतीने, मिळून सोडवला तर 2,700 रुग्ण होतात. वर म्हटलेला फरक पकडायला नेमके तेवढेच लागतात. महाराष्ट्रात 1998 पासून नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरची मेडिकल कॉलेजं त्याच्या छत्राखाली आहेत. (अभिमत विद्यापीठं वेगळी.) हे जमणं अशक्य नाही. पण मग प्रत्येकाच्या नावाचं काळं बाइंडिंग कसं होणार, ही खरी अडचण.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्याला इथेच, भारतातच, फार आधी सांगून झालं आहे. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक सर रोनाल्ड फिशर 1938 साली कलकत्त्याला पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारणं म्हणजे त्याला पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. फार तर प्रयोग कशाने मेला ते तो सांगेल. फिशर यांची पद्धत दवाखान्यातून आलेली नव्हती. ती इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेतातून आली. जमिनीचा एक कोपरा सुपीक, दुसरा खडकाळ. मग नवं खत चांगलं की जमीन चांगली, कसं कळणार? म्हणून शेताचे वाफे पाडायचे आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे याच परंपरेतले. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परत येऊन दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राची शाखा उभी केली. देशात पीक किती आलं हे तलाठ्याच्या अंदाजावर न सोडता, निवडक शेतांतले ठरावीक तुकडे कापून, मोजून काढायची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. तेव्हापासून शेतीच्या संशोधकाला प्रयोगाची आखणी हा विषय शिकावाच लागतो. म्हणजे ज्वारीच्या वाफ्याला जी शिस्त मिळते, ती माझ्या वॉर्डातल्या माणसाला मिळत नाही. मी वीस-वीसचे गट पाडले तेव्हा नेमका सुपीक कोपराच एका गटात टाकला होता.

आणि हे फक्त आपल्याकडच्या छोट्या थिसिसपुरतं आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाची गोष्ट ऐका. 2006 साली तिथल्या एका गटाने जाहीर केलं की कॅन्सरच्या गाठीतल्या जीन्स पाहून कुठल्या रुग्णाला कुठली केमोथेरपी लागू पडेल हे आधीच सांगता येतं. केवढी मोठी बातमी! ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांना हे आपल्या रुग्णांसाठी वापरायचं होतं, म्हणून त्यांनी आपल्या दोन संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांना, पद्धत तपासायला सांगितलं.

त्यांना काय सापडलं? जीन्सच्या यादीत सगळी नावं एक ओळ खाली सरकलेली. म्हणजे हजेरीपटात एक नाव चुकलं की पुढच्या सगळ्या मुलांची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागते, तसं. काही ठिकाणी तर ‘औषध लागू पडतं’ आणि ‘लागू पडत नाही’ ही लेबलंच उलटी. याचा अर्थ लक्षात घ्या. उपयोग होणार नाही असं औषध त्या रुग्णालाच मिळू शकतं.

आणि 2007 पासून या पद्धतीवर खऱ्या रुग्णांच्या चाचण्या सुरू होत्या. शंभराहून अधिक माणसं त्यांत होती. बॅगर्ली आणि कूम्ब्स सांगत राहिले, पत्रं लिहीत राहिले. शेवटी 2009 मध्ये त्यांनी आपलं म्हणणं छापलं ते संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. चाचण्या थोडे दिवस थांबल्या आणि 2010 च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाल्या. त्या बंद पडण्याच्या मार्गाला लागल्या त्या वर्षीच्या जुलैमध्ये, तेही गणित पटलं म्हणून नव्हे. मुख्य संशोधकाने आपल्या बायोडेटात एक मोठी शिष्यवृत्ती मिळाल्याचं खोटं लिहिलं होतं, ते एका वार्तापत्राने उघड केलं म्हणून. नंतर शोधनिबंध मागे घेतले गेले, सरकारी चौकशीत संशोधनातला गैरप्रकार नोंदवला गेला, रुग्णांच्या नातेवाइकांनी केलेले दावे विद्यापीठाला मिटवावे लागले. ड्यूककडे पैसा नव्हता का? संख्याशास्त्रज्ञ नव्हते का? होते. पण ‘ह्या माणसाची सही झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशी जागा त्यांना कुणी दिली नव्हती.

आता उलट उदाहरण, आणि तेही आपल्या देशातलं. एके काळी क्षयरोग झाला की सॅनेटोरियम. मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं, तशी देशात ठिकठिकाणी. महिनोन्‌महिने घरापासून दूर, चांगलं अन्न, हवा, विश्रांती. पण खाटा मूठभर आणि रुग्ण लाखो. औषधं आली तेव्हा प्रश्न पडला: हीच औषधं घरी बसून दिली तर? 1956 मध्ये मद्रासला त्यासाठी केंद्र सुरू झालं. आपली वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद यांनी मिळून ते उभं केलं. 193 रुग्ण, सगळे गरीब वस्तीतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाणार हे डॉक्टरने ठरवलं नाही, परवडण्यावर ठरलं नाही. आधी ठरवलेल्या पद्धतीने, चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. काय मोजायचं तेही आधी ठरलं.

घरच्यांचं खाणं निकृष्ट, विश्रांती कमी, खोली दाटीची. तरीही वर्षभरात निकाल जवळपास सारखेच आले. घरातल्या इतरांनाही त्यामुळे जास्त धोका झाला नाही. आज तुमच्या घरात कुणाला टीबी झाला तर तो घरी राहून, सरकारी गोळ्या घेऊन बरा होतो, त्याच्या मुळाशी हे 193 जण आहेत. माझे 40 आणि त्यांचे 193. आकड्यात फार फरक नाही हो. फरक आहे तो पहिल्या दिवशी टेबलावर कोण बसलं होतं याचा.

कोविडमध्येही हेच दिसलं. ‘अमुक ब्लड ग्रुपचा प्लाझ्मा तातडीने हवा’ हे मेसेज तुम्ही विसरला नसाल. मीही चार जणांसाठी रात्री फोन फिरवले आहेत. भारतातल्या 39 हॉस्पिटलांतल्या 464 रुग्णांवर आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेने नीट आखलेली चाचणी केली होती. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी 19 टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले, न दिलेल्यांपैकी 18 टक्के. ऑक्टोबर 2020 मध्ये हे छापून आलं. प्लाझ्मा सरकारी मार्गदर्शक सूचनांतून निघाला मे 2021 मध्ये. मधल्या काळात, दुसऱ्या लाटेत, किती नातेवाईक रात्री-बेरात्री ब्लड बँकांच्या दारात उभे होते ते तुम्हीच आठवा. हिशेब बरोबर झाला होता, पण हिशेबाला विचारतो कोण?

हे लिहिलं की माझे डॉक्टर मित्र तीन गोष्टी म्हणतात. एक, डॉक्टरांनाच संख्याशास्त्र शिकवा. जरूर शिकवा. मला थोडंफार शिकवलं होतंच, आणि मी काय दिवे लावले ते वर वाचलंत. मला भूल कशी देतात तेही माहीत आहे, म्हणून मी भूल देत नाही, भूलतज्ज्ञाला बोलावतो. आणि ऑपरेशन संपल्यावर नाही बोलावत. दुसरं, सॉफ्टवेअर आहे ना. सॉफ्टवेअर विचाराल त्याचं उत्तर देतं. गट कसे पाडले, हे ते विचारत नाही. तिसरं, पैसे कुठून आणायचे. एका कॉलेजात दरवर्षी शेकड्याने रुग्णांचं रक्त काढलं जातं, तपासण्या होतात, तरुण डॉक्टरांची दोन-दोन वर्षं जातात आणि त्यातून छापा-काटा निघतो. हा खर्च नाही?

संख्याशास्त्रज्ञही देवमाणूस नसतो, हे मान्य. पैसे घेऊन हवा तो आकडा काढून देणारेही आहेत. म्हणूनच मला तो विद्यापीठाच्या पगारावर हवा, रेसिडेंटच्या खिशातल्या पैशांवर नको. थिसिसचा विषय मंजूर होण्याआधी त्याची भेट सक्तीची हवी. काय मोजणार, किती जणांत मोजणार आणि का, हे त्याच्या सहीने आधी नोंदवलेलं हवं. एथिक्स कमिटीत त्याची खुर्ची हवी, आणि ‘हे संशोधन करू नका’ म्हणायचा अधिकार हवा. वाईट आखलेल्या प्रयोगात माणसाला घेणं हाच अन्याय आहे, मग संमतीपत्रातलं मराठी कितीही शुद्ध असो.

आणि हे कॉलेजं आपणहून करतील असं मला वाटत नाही. म्हणून हा लेख डॉक्टरांच्या मासिकात न देता तुमच्यासाठी लिहिला. तुम्ही किंवा घरातलं कुणी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ॲडमिट असाल आणि एखादा तरुण डॉक्टर सहीसाठी कागद घेऊन आला, तर त्याच्यावर संशय घेऊ नका, तो बिचारा अठरा तास ड्यूटी करून आलेला असतो. शक्य असेल तर सहीही करा. संशोधन तुमच्याशिवाय होणार नाही. फक्त सही करण्याआधी विचारा: डॉक्टर, किती जणांना घेणार? हा आकडा कुणी काढला? मी कुठल्या गटात हे कसं ठरणार? आणि निकाल तुमच्या मनासारखा नाही आला तरी छापणार ना? उत्तर देताना तो अडखळला तर तो प्रश्न त्याच्या गाईडपर्यंत जाईल. तिथून पुढेही जाईल. पेशंटने विचारलेला प्रश्न आमच्याकडे जितका टोचतो, तितका कमिटीतला प्रश्न टोचत नाही.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परवा दाखवायला आले तेव्हा उपाशीपोटीची साखर 148 होती. त्यांनी तो काढा ज्या ग्रुपवर आला होता त्याच ग्रुपवर विचारलं म्हणे, ‘किती माणसांवर केलं?’ अजून उत्तर आलेलं नाही. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं, आणि दुसऱ्याने तोच काढा पुन्हा एकदा.